तकाचिहोची घळ: वाचकांचे प्रश्न

जपानच्या क्यूशू बेटावर, मियाझाकी प्रांतात, गोकासे नदीने कोरलेली तकाचिहोची घळ आहे. तिथे जायच्या तयारीत असलेल्या वाचकांच्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आमच्याकडे रेल्वेचा पास आहे. तकाचिहोला कोणत्या स्टेशनवर उतरायचं? (ठाणे)

कोणत्याच नाही. नोबेओकाहून तकाचिहोला येणारी रेल्वे सप्टेंबर 2005 च्या वादळात वाहून गेली आणि पुन्हा उभी राहिली नाही. तिच्या उरलेल्या रुळांवर आता फक्त पर्यटकांसाठी छोटी उघडी गाडी चालते. ती नदीपासून 105 मीटर उंचीच्या जुन्या रेल्वेपुलावर जाते. वेळ असेल तर जरूर बसा, पण तो प्रवासाचा मार्ग नव्हे.

पास कुमामोतोपर्यंत वापरा. तिथून पुढे बस आहे, साधारण तीन तासांची. दिवसाला फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून आधी परतीची बस पक्की करा आणि मग बाकीचा दिवस आखा. सकाळी येऊन संध्याकाळी परत, असा बेत आम्ही सुचवणार नाही. घळीत जेमतेम दोन-तीन तास हाती लागतात, आणि त्यातही लक्ष सगळं घड्याळाकडे.

चौघे असाल तर गाडी भाड्याने घेणं सोयीचं. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो, आणि रस्त्याची बाजूही आपल्यासारखी डावीच. परवान्याबरोबर मूळ लायसन्स आणि पासपोर्ट जवळ हवेत.

बसस्थानकापासून घळ दोनेक किलोमीटरवर आहे. जाताना उतार असल्याने अर्ध्या तासात पोहोचता, येताना मात्र तोच चढ दम काढतो. सोबत वयस्कर माणसं असतील तर परतीला टॅक्सी करा.

धबधब्याखालची बोट मिळेल का? आम्हा कोणालाच वल्हवता येत नाही. (नाशिक)

मिळेल, पण आयत्या वेळी गेलात तर बहुधा नाही. बोटीचं आरक्षण ऑनलाइन असतं आणि साधारण दोन आठवडे आधी खुलं होतं. शनिवार-रविवारच्या आणि नोव्हेंबरातल्या पानगळीच्या रंगांच्या वेळा लवकर भरतात. एका बोटीत तिघं, वेळ तीस मिनिटं, भाडं दिवसानुसार चार ते पाच हजार येन. हे भाडं माणशी नाही, बोटीचं असतं.

शिकून जायची गरज नाही, एक गोष्ट आधी समजून घेतली की पुरे. वल्हवणाऱ्याची पाठ बोट जाते त्या दिशेला असते. समोरचं त्याला दिसत नाही, त्याच्याकडे तोंड करून बसलेल्यांना दिसतं. उजव्या हाताचं वल्हं ओढलं की बोटीचं नाक त्याच्या डाव्या हाताकडे वळतं, डाव्या हाताचं ओढलं की उजव्या हाताकडे. समोर बसलेल्याने नुसतं ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडलं तर कोणाची डावी, यावरूनच गोंधळ होतो आणि बोट कड्याला जाऊन टेकते. ‘हा हात ओढ’ असं बोटाने दाखवा. ओढ लांब आणि सावकाश ठेवा. घाईघाईने मारलेलं वल्हं पाण्यावरून नुसतं घसरतं.

दुसऱ्या बोटीजवळून जाताना किंवा कड्याशी आल्यावर बोटीच्या काठावरचे हात आत घ्या. बोटं चेमटतात ती इथेच. मानाई धबधबा 17 मीटरवरून पडतो. त्याच्या धारेखाली बोट नेऊ नका, पाणी आत भरतं.

पावसाने नदी चढली की बोटी बंद होतात. जून-जुलैत पावसाळा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं, म्हणून त्या दिवसांत बोटीवरच सगळा बेत बेतू नका. तसं झालं तरी निराश होऊ नका. घळीच्या काठाने जाणारी किलोमीटरभराची पायवाट आहे, आणि धबधब्याचं सगळ्यांनी पाहिलेलं ते चित्र बोटीतून नाही, वरच्या सज्जातूनच दिसतं. याच वाटेवरून 1947, 1955 आणि 2003 सालच्या तीन कमानी पुलांची एकावर एक रांग दिसते. दगड, पोलाद आणि काँक्रीट, असं तिन्हींचं बांधकाम वेगळं. दरड कोसळल्यावर वाटेचा काही भाग बंद ठेवतात, तेव्हा फलक पाहून पुढे जा.

तिथले खडकाचे खांब आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखेच आहेत का? (पुणे)

दिसायला सारखे, जन्माने वेगळे. गिल्बर्ट हिल थंड झालेल्या लाव्हाची, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. तकाचिहोचा खडक त्या मानाने कालचा. आसो ज्वालामुखीतून सुमारे 1 लाख 20 हजार आणि 90 हजार वर्षांपूर्वी तापलेली राख आणि प्युमिस दगड यांचे लोट आले, दरीत साचले आणि स्वतःच्याच उष्णतेने वितळून एकजीव झाले. पुढे निवताना ते आकसले. तळ्यातला चिखल वाळताना भेगळतो तशा भेगा पडत पडत खोल गेल्या, आणि त्यांच्यामधले भाग खांब म्हणून उरले. भेगा निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात जातात. म्हणून तो पृष्ठभाग कलता असेल तिथे खांबही वाकलेले दिसतात. पायवाटेवरून जाताना समोरच्या कड्यावर अशी वळणं शोधा.

आम्ही शाकाहारी. एक रात्र राहिलो तर खायचं काय, आणि संध्याकाळी करायचं काय? (कोल्हापूर)

घळीजवळ बांबूच्या पन्हळीतून वाहत्या पाण्यात सोडलेल्या शेवया, म्हणजे नागाशी सोमेन, मिळतात. शेवया गव्हाच्याच असतात, अडचण सोबतच्या आमटीची. ती बहुधा कात्सुओ माशाच्या अर्कावर केलेली असते, आणि ती पाहून तुम्हाला कळणार नाही. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, म्हणजे मांसही नाही, मासेही नाही, एवढं पाठ करा आणि ‘कात्सुओ-दाशि’ हा शब्द विचारा. खात्री झाली नाही तर सोया सॉस मागून त्याच्याशी खा. दशम्या, खाकरा, चटणीची पुडी सोबत असू द्या.

संध्याकाळी तकाचिहो देवळात जा. रोज रात्री आठ वाजता तासभर योकागुरा होतो. गुहेत दडून बसलेल्या सूर्यदेवी अमातेरासूला बाहेर काढल्याची कथा त्यात मुखवटे घालून नाचतात. गावांतला मूळ विधी हिवाळ्यात रात्रभर चालतो आणि त्यात 33 नाच असतात, देवळात त्यांतले चार दाखवतात. बसायला चटई असते, म्हणून गुडघे दुखत असतील तर लवकर जाऊन भिंतीकडेची जागा धरा.