एकदाच चालणारं शस्त्र
वाचकांचे प्रश्न, लायब्ररीवाल्या काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, आमच्या वाचन मंडळाने यंदा एक आठशे पानी अद्भुत कादंबरी चर्चेला घेतली. सात राज्यं, दोन चंद्र, एक शापित तलवार. अर्धे सदस्य म्हणतात, असं भव्य मराठीत झालंच नाही. अर्धे म्हणतात, वाचता वाचता झोप येऊन राहिली. संयोजक म्हणून ‘कथाकथन’ या सदरात दहापैकी गुण मला काढायचे आहेत. नेमकं काय बघू?
– एक संयोजक, प्रतापनगर

उत्तर : आधी नकाशा, दोन्ही चंद्र आणि साती राज्यं बाजूला काढा. त्यांचे गुण ‘कल्पनाशक्ती’ म्हणून वेगळे द्या, हात सैल सोडून द्या. तुमच्याकडचं भांडण मला तरी इथेच दिसतं. निम्मी मंडळी जगाबद्दल बोलताहेत, निम्मी गोष्टीबद्दल. दोघांचंही खरं असू शकतं.

वाचनालयाच्या काउंटरवर माझी हयात गेली. मे महिन्यात नागपूरकर कूलरसमोर आडवा पडतो तेव्हा त्याला जाडजूड पुस्तक लागतं, त्यामुळे असल्या कादंबऱ्या उन्हाळ्यात कपाटात टिकायच्या नाहीत. परत आल्या की आत कुठे खूण राहिलीय ते मी बघायची. बसचं तिकीट, लग्नपत्रिकेचा तुकडा, गोळ्यांची रिकामी पट्टी. खूण आतच राहिली म्हणजे वाचणारा बहुधा तिथून पुढे सरकलेला नसतो. ही खूण संथ प्रकरणात सापडेल असं तुम्हाला वाटेल. मला ती जास्त करून दिसली ती नायक तिसऱ्यांदा ऐन वेळी नवीच शक्ती काढून संकटातून सुटतो त्या पानाच्या आसपास. वाचणाऱ्याने तिथे ओळखलेलं असतं की या पुस्तकात काहीही होऊ शकतं. आणि काहीही होऊ शकत असेल तर पुढे काय होईल याचा घोर कशाला लावून घ्यायचा?

म्हणून माझी कसोटी एकच, बाकीच्या तिच्या लेकीसुना. या गोष्टीतल्या अद्भुताला अट आहे का? आणि ती अट कुणाला तरी महागात पडते का?

महाभारतातली कर्णाची शक्ती घ्या. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन कवचकुंडलं मागतो. कर्ण ती अंगावरून कापून देतो आणि बदल्यात एक अमोघ शक्ती मागून घेतो. अट अशी की ती एकाच शत्रूवर चालेल, त्याला मारेल आणि इंद्राकडे परत जाईल. हा सौदा होतो वनपर्वात, म्हणजे युद्धाच्या कितीतरी आधी. तेव्हापासून ऐकणाऱ्याच्या मनात हिशोब सुरू होतो. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवलीय, अर्जुनाला कवच नाही, आता कसं व्हायचं? मग युद्धाचा चौदावा दिवस येतो. जयद्रथ पडलेला, सूर्य मावळलेला, तरी लढाई थांबत नाही. रात्री राक्षसांचं बळ वाढतं, आणि घटोत्कच कौरवांच्या सैन्याचा चेंदामेंदा करायला लागतो. कौरव कर्णाला ओरडून सांगतात, आत्ता सोड ती शक्ती, आम्हीच उरलो नाही तर अर्जुनाला मारून काय करशील? कर्ण ती सोडतो. घटोत्कच मरतो, आणि मरता मरता देह वाढवून एक अक्षौहिणी सैन्यावर कोसळतो. पांडव रडताहेत आणि कृष्ण आनंदाने नाचतो आहे! अर्जुन चिडून विचारतो, हे काय चाललंय? कारण त्या क्षणी अर्जुन वाचलाय हे फक्त कृष्णाला कळलेलं असतं.

यात चमत्कार किती? एक शस्त्र, तेही एकदाच चाललं. पण त्या एका वापरात कर्णाची कोंडी, भीमाचा मुलगा, कृष्णाचा हिशोब आणि अर्जुनाचा जीव असं सगळं गोवलं गेलं. तुमच्या कादंबरीतली शापित तलवार किती वेळा उपसली जाते ते मोजा. प्रत्येक वेळी धरणाऱ्याचं काहीतरी जातं का, तेही बघा. पहिल्यांदा आणि दहाव्यांदा उपसण्यात फरकच नसेल तर शाप नुसता मुखपृष्ठापुरता आहे.

याच प्रसंगात कच्चा टाकाही आहे, तोही सांगते. धृतराष्ट्र संजयाला तुमच्या-माझ्यासारखंच विचारतो की कर्णाने ही शक्ती अर्जुनावर आधीच का नाही सोडली? वाचकाची शंका पात्राच्याच तोंडी घालायची ही केवढी हुशारी. उत्तरं दोन मिळतात. पहिलं, कृष्ण अर्जुनाला कर्णासमोर येऊच देत नव्हता. हे पटतं, कारण कृष्ण तसाच आहे. दुसरं, रोज रात्री कौरव ठरवायचे की उद्या शक्ती वापरायची आणि सकाळी दैवयोगाने विसरायचे. हे मला आजवर पटलेलं नाही. व्यासांचा अर्धा गुण मी तिथे कापते, मग तुमच्या लेखकाचे कापायला तुम्ही कशाला बिचकता?

आता बाकीचं भराभर. पात्रांची नावं बघा. एका पानावर विक्रांत, विश्रुत आणि वीरसेन आले की वाचक मागची पानं चाळत बसतो. अंतरं बघा. घोड्यावर बसून इथून रामटेकला निघालात तर पन्नासेक किलोमीटरमध्ये दिवस मोडेल, घोडाही दमेल. नायक एका रात्रीत अख्खं राज्य ओलांडत असेल तर बैठकीत विचारा, घोडा कोणता? आणि भाषा. मराठीत अद्भुत लिहायला बसलं की सगळी पात्रं पौराणिक नाटकातल्यासारखी बोलू लागतात, पाणक्यासुद्धा ‘हे राजन्’ म्हणतो. संवादाचं एक पान मोठ्याने वाचून घ्या. कोण बोलतंय ते नाव न सांगता ओळखू आलं तर पूर्ण गुण.

लांबीचे गुण मात्र कापू नका. तिकडे वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीची नाटकं रात्री उशिरा सुरू होतात ती पहाटेपर्यंत चालतात, आणि माणसं थंडीत गोधडी गुंडाळून हलत नाहीत. आठशे पानांनी झोप येत नसते. दोनशे पानांत कुणाला काही ठरवावंच लागलं नाही, की येते.

शेवटची चाचणी बैठकीच्या आठ दिवस आधी लावा. सदस्यांना पुस्तक मिटायला सांगा आणि बैठकीत एकेकाला न बघता गोष्ट सांगायला लावा. कोण कुठे ‘आणि मग’ म्हणतं आणि कुठे ‘म्हणून मग’ म्हणतं, ते टिपून ठेवा. ‘म्हणून’ जास्त निघाले तर सातच्या वर जा. सगळेच ‘आणि मग’ निघाले तर चंद्र दोन असोत की वीस, चारच्या वर जाऊ नका.

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एक काल्पनिक जग रचलंय. नकाशे, लिपी, बारा देव, हजार वर्षांची वंशावळ, सणवार, सगळं वहीत आहे. मैत्रिणीला पहिली चाळीस पानं दिली तर ती म्हणाली, ‘गोष्ट कधी सुरू होते बे?’ मी काय कापू?
– एक विद्यार्थिनी, सक्करदरा

उत्तर : बेटा, वही फाडू नकोस, फक्त ती वाचकाच्या हातात देऊ नकोस. जे. आर. आर. टॉल्कीन हे भाषांचे प्राध्यापक. त्यांनी आधी भाषा रचल्या, आणि त्या बोलायला माणसं हवीत म्हणून जग वाढत गेलं. तरीही ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं पहिलं प्रकरण एका म्हाताऱ्याच्या वाढदिवसाच्या जेवणावळीचं आहे. वंशावळी, कालगणना, लिप्या हे सगळं त्यांनी १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडाच्या शेवटी परिशिष्टांत घातलं. सुरुवातीला गोष्टीतल्या हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांवर एक प्रास्ताविक आहे खरं. मी ते ओलांडून थेट जेवणावळीत गेले होते, आणि माझं काही अडलं नाही.

तुझ्या वहीतला एखादा सण घे. तू सक्करदऱ्याची, म्हणजे मारबत तुझी पाहिलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मूल बापाच्या खांद्यावर बसून इतवारीच्या गर्दीत शिरतं तेव्हा त्याला काळ्या आणि पिवळ्या मारबतीचा इतिहास आधी कुणी सांगत नाही. त्याला दिसतो तो भलामोठा पुतळा, मागून येणारे बडग्यांचे पुतळे, आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडणारी माणसं. शेजारची आजी सर्दी-खोकल्यापासून महागाईपर्यंत काय काय तिच्या पदरात बांधून देते. पोरगं घाबरतं, मग विचारतं, हिला जाळतात कशाला? एवढा वेळ तुझ्या वाचकाला दे. त्याने विचारल्यावर सांग, तेही अर्धंच.

आणि त्या गर्दीत कुणाला तरी काम असू दे. पुतळा जळायच्या आत त्याच्या आत लपवलेलं काहीतरी एखादीला काढायचंय, आणि पुतळा बांधणारा तिचाच बाप आहे. आता बघ, त्या सणाचे नियम तुला वेगळे समजावून सांगावे लागतात का? तिला जिथे जिथे अडवतील तिथे तिथे ते आपोआप बाहेर येतील. तुझ्या बारा देवांपैकी तिला आडवे येतात तेवढेच या भागात ठेव. बहुतेक दोन उरतील.

प्रश्न : अद्भुत कादंबऱ्यांच्या मोठ्या मालिका पूर्ण झाल्यावरच वाचाव्या का? अर्धवट राहिल्या की जीव टांगणीला लागतो.
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पहिला खंड १९९६चा, पाचवा २०११चा, आणि वाचक सहाव्याची वाट बघताहेत. उलट रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ १९९० साली सुरू झाली, २००७ साली ते गेले, आणि त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी ती २०१३ साली चौदाव्या खंडात संपवली. लेखकाच्या आयुष्याची हमी कुणी द्यायची? तुम्ही पहिल्या खंडाच्या शेवटी थांबून बघा. त्या खंडाने स्वतः उभा केलेला एक तरी मोठा प्रश्न तिथे सुटला असेल तर लेखकाला संपवता येतं असं समजा आणि दुसरा खंड उघडा. सगळंच पुढच्या खंडावर ढकललं असेल तर पैसे खिशात ठेवा.

प्रश्न : माझा दहावीतला मुलगा इंग्रजीतल्या ड्रॅगनच्या कादंबऱ्या वाचतो. मराठी वाच म्हटलं तर म्हणतो, मराठीत असलं काही नसतंच. खरं आहे का?
– एक वडील, नंदनवन

उत्तर : निम्मं खरं. सुरुवातीच्या मराठी कादंबऱ्या बव्हंशी अद्भुतरम्यच होत्या. १८६१ची ‘मुक्तामाला’, १८६८ची ‘मंजुघोषा’ आणि पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही त्यातली गाजलेली नावं. नंतर वास्तववादाचं वजन वाढलं आणि अद्भुत म्हणजे पोरासोरांचं, असा समज झाला. तुम्हीही तोच घेऊन बसला आहात असं पत्रावरून वाटतं, रागावू नका.

या जुन्या कादंबऱ्या त्याच्या हातात लगेच देऊ नका, ती भाषा त्याला जड जाईल. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’चे मराठी अनुवाद मिळतात, तो आणा. मूळ ग्रंथ अकराव्या शतकातला, अठरा लंबकांचा, म्हणजे भागांचा. पहिल्याच लंबकात गुणाढ्याची गोष्ट आहे. त्याने सात लाख श्लोकांची कथा ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत स्वतःच्या रक्ताने लिहिली. सातवाहन राजाने ती तुच्छतेने परत पाठवली. मग गुणाढ्य रानात अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरणं सोडून ऐकत बसली. तिकडे राजाच्या ताटात वाळलेलं मांस येऊ लागलं, राजा आजारी पडला, स्वयंपाक्यांची चौकशी झाली, त्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं, आणि शिकाऱ्यांमुळे सगळा प्रकार उघडकीला आला. राजा धावत पोचला तोवर एक लाख श्लोक उरले होते.

ही गोष्ट आज रात्री जेवताना तुम्हीच त्याला सांगा, आणि राजा आजारी पडतो तिथे थांबा. पुस्तक टेबलावर ठेवून द्या. पुढचं काय झालं ते तो विचारतो की स्वतःच वाचून काढतो, ते मला पुढच्या महिन्यात कळवा.