चिप काढली, तरी गिअर झटका का देतो?

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक डिझेल एसयूव्ही ७२ हजार किलोमीटर चालली आहे. चार महिन्यांपूर्वी ट्युनिंग बॉक्स (पिकअप वाढवणारी चिप) बसवला. पिकअप वाढला, पण तुळजापूरचा घाट चढताना गिअर बदलला की आरपीएम एकदम वर जायचे आणि मग झटका बसायचा. बॉक्स काढून आठवडा झाला, आरपीएम आता चढत नाहीत, झटका मात्र आहेच. गिअरबॉक्स उघडावा का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : लगेच उघडू नका. असा बॉक्स बहुधा कॉमन रेलच्या (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) खऱ्यापेक्षा कमी प्रेशर दाखवतो. ईसीएम प्रेशर वाढवतो, जादा डिझेल जातं, टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) वाढतो. पण गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला टॉर्कचा आकडा जातो तो ईसीएमच्या जुन्याच हिशोबाचा. समजा, इंजिन ४२० न्यूटन मीटर देतंय आणि निरोप ३५०चाच गेला, तर गिअरबॉक्समधलं ऑइल प्रेशरही ३५०पुरतंच मिळतं. तेवढ्यावर क्लच पॅक (गिअरबॉक्समधल्या क्लचच्या चकत्या) धरत नाही, घसरतो. आरपीएम चढायचे ते यामुळे.

ही घसरण भरून काढायला कंट्रोलर हळूहळू जादा प्रेशर द्यायला शिकतो. बॉक्स गेला तरी ते शिकलेलं मेमरीत राहतं, म्हणून आता झटका. हे एवढंच असेल तर थोडक्यात निभावलं. क्लचचं लायनिंग जळलं असेल तर मात्र खर्च मोठा आहे.

दोन्हींतला फरक गिअरबॉक्सचं ऑइल सांगतं. थोडं ऑइल काढून पांढऱ्या कापडावर दोन थेंब टाका. लालसर किंवा फिकट तपकिरी डाग पसरला तर ठीक. काळा डाग, करपल्याचा वास आणि बोटांना कण लागत असतील तर पॅन (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं) उतरवा. पॅनमधल्या मॅग्नेटवर राखाडी, मऊ लेप नेहमीचाच असतो. चमकते तुकडे किंवा काळ्या लायनिंगचा चुरा दिसला तरच गिअरबॉक्स उघडायचा.

स्कॅनरवर पी०७३० आणि पी०७४१ हे कोड बघा. पहिला गिअरचं गुणोत्तर चुकल्याचा, दुसरा टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमधून जोडणाऱ्या भागाचं) लॉकअप नीट न लागल्याचा. सेन्सरच्या मूळ कनेक्टरच्या पिना वाकल्या नाहीत ना, तेही पाहा. बॉक्स ओढून काढताना हे हमखास होतं.

ऑइल चांगलं असेल तर अ‍ॅडाप्टेशन रीसेट करून घ्या, म्हणजे कंट्रोलरने शिकलेलं पुसून टाका, आणि सुरुवातीला हलक्या पायाने, सगळे गिअर पडतील अशी गाडी चालवा. ऑइल बदलायचं ठरलं तर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. पॅनमधून सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. लेव्हल ठरलेल्या तापमानालाच बघायची. गार गाडीवर बघून भरलेलं ऑइल चुकतंच.

प्रश्न : मॅन्युअल पिकअपला चिप टाकल्यावर सहा महिन्यांत क्लच प्लेट गेली. हेवी ड्यूटी प्लेट टाकू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : चिप ठेवून नको. प्लेट धरेल, पण तो जोर पुढे गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि क्राउन-पिनियनवर (एक्सलमधल्या गिअरवर) येईल. चिप काढा, प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या चकतीवर) निळे डाग किंवा बारीक तडे आहेत का, ते स्वतः उभं राहून बघा. तशा फ्लायव्हीलवर नवी प्लेट बसवली तर ती थरथरते आणि लवकर जाते.