‘मिडलमार्च’ अकराव्या प्रकरणात का सुटते, आणि ती कशी वाचावी

तुम्ही विचारलंय की जॉर्ज एलियट (हे एका लेखिकेचं टोपणनाव) हिची ‘मिडलमार्च’ दोनदा घेतली, दोन्ही वेळा अकराव्या-बाराव्या प्रकरणाशी सुटली. महत्त्वाकांक्षा आणि जगण्याचा अर्थ यांवरची कादंबरी म्हणतात, ते तिच्यात आहे कुठे?

सुटण्याची जागा अगदी नेमकी सांगितलीत. पहिली दहा प्रकरणं डोरोथिया ब्रूकची आहेत. अकराव्यात ती नाहीशी होते आणि डॉक्टर लिडगेट, व्हिन्सी घराणं, मरणाला टेकलेला म्हातारा फेदरस्टोन अशी सगळी नवी मंडळी येतात. डोरोथिया पुन्हा भेटते ती थेट एकोणिसाव्यात, रोममध्ये. हा सांधा खराच आहे. एलियटने 1869 मध्ये लिडगेट-व्हिन्सींची गोष्ट लिहायला घेतली होती, ती अडली. 1870 च्या अखेरीस तिने ‘मिस ब्रूक’ नावाची वेगळीच कथा सुरू केली आणि 1871 मध्ये दोन्ही एकत्र जोडल्या. तेव्हा तिथे धागा हरवला तर दोष तुमचा नाही. एका कागदावर नाती मांडा: फ्रेड आणि रोझमंड हे व्हिन्सी भावंडं, बँकवाला बल्स्ट्रोड त्यांच्या आत्याचा नवरा, फेदरस्टोनची दुसरी बायको त्यांची मावशी. एवढ्यावर विसाव्या प्रकरणापर्यंत निभावतं.

वेग कमी ठेवा. ही कादंबरी डिसेंबर 1871 ते डिसेंबर 1872 या काळात आठ भागांत निघाली, एकेक भाग पाच शिलिंगांना. पहिले सहा दोन-दोन महिन्यांच्या अंतराने आले, शेवटचे दोन महिन्या-महिन्याने. वाचकाला मध्ये विसावा मिळेल अशीच तिची बांधणी आहे. 86 प्रकरणं आहेत, शब्द तीन लाखांहून जास्त. आठवड्याला एक भाग धरला तर दोन महिन्यांत होते. एका बैठकीत शंभर पानं ओढायला गेलात की निवेदिकेची लांब, तिरकस वाक्यं अंगावर येतात. खरा विनोद त्या वाक्यांच्या शेपटात असतो आणि घाईत तोच निसटतो.

आता महत्त्वाकांक्षा. ती शोधायची तर भाषणांत शोधू नका, पैशांत शोधा. बाजूला एक वही ठेवा आणि पौंडाचा आकडा आला की टिपून घ्या.

लिडगेट पॅरिसमध्ये शिकून आलाय. बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने शरीर ऊतींमध्ये मांडलं, त्याच्या पुढचं मूळ ऊतीचं कोडं त्याला सोडवायचंय. दवाखान्याची गादी विकत घेतल्यावर त्याच्यापाशी 800 पौंड उरलेत. पंधरावं प्रकरण इथे जपून वाचा: त्याची बुद्धी विज्ञानात असामान्य, पण फर्निचर आणि बायका यांच्या बाबतीत चारचौघांसारखीच, असं एलियट तिथेच सांगून टाकते. पुढे 58 व्या प्रकरणात तिने ताळेबंदच मांडलाय. संसार थाटण्याचा खर्च ऐपतीपेक्षा 400-500 पौंडांनी जास्त; वर्षाचा घरखर्च हजाराच्या घरात; दवाखान्याचं उत्पन्न जुन्या वह्यांप्रमाणे 800, आता जेमतेम 500, तेही बहुतेक उधारीत. उत्पन्न का आटलं ते 45 व्यात आहे. त्या काळी साधा डॉक्टर पोट भरायचा तो औषधांच्या विक्रीवर. लिडगेटने औषधं स्वतः देणंच बंद केलं, आणि वर त्याचं कारण मॉम्सी नावाच्या किराणावाल्याला समजावून सांगितलं. इतकी वर्षं बाटल्यांचं बिल मुकाट भरणाऱ्या माणसाला ते सगळं फुकट गेलं असं ऐकायला कसं आवडेल? तत्त्व बरोबर, पण गाव हातचं गेलं. पुढचं हजार पौंडांचं कर्ज आणि त्यापायी आलेली बदनामी याच रेषेवर आहे. त्याची बायको रोझमंड हिला खलनायिका ठरवून मोकळं होऊ नका. ती फक्त हट्टाने तीच राहते जिच्यावर हा भाळला होता. शेवटी लिडगेट श्रीमंत रोग्यांचा डॉक्टर होतो, संधिवातावर, म्हणजे पैसेवाल्यांच्या गाउटवर, एक प्रबंध लिहितो आणि पन्नाशीत जातो. मला तो शेवट मृत्यूशय्येच्या कुठल्याही प्रसंगाहून क्रूर वाटतो.

फ्रेडचा हिशेब लहान आहे पण सोडू नका. 160 पौंडांच्या हुंडीवर तो ओळखीच्या केलेब गार्थची सही घेतो, घोड्याच्या व्यवहारात फसतो, हाती उरतात 50. उरलेले 110 कुठून येतात? केलेबच्या बायकोने, मिसेस गार्थने, मुलाच्या उमेदवारीसाठी साठवलेले 92 आणि त्यांची मुलगी मेरी हिच्या पगारातले 18. फ्रेडला पहिल्यांदा शरम वाटते ती इथे (24 वं प्रकरण).

अर्थाचा शोध डोरोथियाकडे आहे, आणि तिची चूक म्हणजे तिचा नवरा कसॉबन. सगळ्या पुराणकथांची एकच किल्ली शोधणारा हा म्हातारा विद्वान तिला गुरू वाटतो. एकविसाव्यात कसॉबनचा तरुण नातलग लॅडिस्लॉ तिला सांगतो की हे काम जर्मनांनी कधीच मागे टाकलंय आणि कसॉबनला जर्मन येत नाही. लेखिकेने स्वतः स्ट्राउस (1846) आणि फॉयरबाख (1854) या जर्मन विचारवंतांची पुस्तकं इंग्रजीत आणली होती, म्हणून हा टोला वर्मी बसतो. पण कसॉबनला हसत राहाल तर 29 व्या प्रकरणात पकडले जाल. तिथे निवेदिका मध्येच वाक्य तोडून विचारते की नेहमी डोरोथियाच का, आणि कॅमेरा उलटा फिरवावा तशी त्या घाबरलेल्या माणसाच्या आत शिरते.

टिपा असलेली आवृत्ती घ्या. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर मजकूर फुकट आहे, पण मतदानाच्या हक्कांविषयीच्या 1832 च्या ब्रिटिश सुधारणा कायद्याचे संदर्भ तिथे कोणी उलगडत नाही. प्रकरणांच्या माथ्यावरच्या कविता आणि उतारे पहिल्या वाचनात सोडले तरी चालतील.

वही मात्र 83 व्या प्रकरणापर्यंत चालू ठेवा. कसॉबन मरताना डोरोथियासाठी ठेवून गेलेले वर्षाचे 1900 पौंड लॅडिस्लॉशी लग्न केलं तर जाणार, उरणार स्वतःचे 700. बाहेर वादळ चाललेलं असताना डोरोथिया रडत रडत त्याला सांगते की तेवढे पुरेत, नवे कपडे नकोत, आणि कुठली वस्तू केवढ्याला मिळते ते मी शिकून घेईन.