अमेरिकेत जुनी प्लग-इन हायब्रिड (पेट्रोलवरही आणि चार्ज केलेल्या बॅटरीवरही चालणारी गाडी) दान केली तर करात किती वजावट मिळते?

ऑनलाइन दिसणाऱ्या बाजारभावाएवढी नाही, इथेच बहुतेकांची गफलत होते. दान घेणारी संस्था गाडी सहसा लिलावात काढते. वजावट ५०० डॉलरच्या वर दाखवायची असेल, तर लिलावात आली तेवढीच रक्कम धरायची. तो आकडा १०९८-सी या फॉर्मवर येतो आणि विक्रीनंतर ३० दिवसांत तो तुम्हाला मिळायला हवा. संस्था गाडी स्वतः वापरणार असेल, तिची मोठी दुरुस्ती करणार असेल किंवा गरजूला स्वस्तात देणार असेल, तर बाजारभाव धरता येतो. म्हणून आधी फोन करून विचारा. आणि हो, स्टँडर्ड डिडक्शन (खर्च-दानाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट) घेत असाल तर फायदा शून्य!

प्लग-इनमध्ये सगळी किंमत बॅटरीवर. ती मेलेली असेल तर लिलावात कवडीमोल भाव येतो, धडधाकट असेल तर स्वतः विकून पैसे दान करणं मला जास्त पटतं.

मी माझी २०१३ची शेवरले व्होल्ट ही प्लग-इन दिली तेव्हा चार्जिंगची केबल गॅरेजच्या खुंटीवरच लटकत राहिली. पुन्हा कुरियर करावी लागली. मोबाइल ॲपमधून गाडी काढा, टोलचा टॅग काढा. कॅलिफोर्नियात असाल तर ५ दिवसांत डीएमव्हीला (तिथलं आरटीओ) कळवा, नाहीतर पुढचे पार्किंगचे दंड तुमच्या नावावर.