जुलैमध्ये दक्षिण स्पेनला चाललो आहे, सोबत शाकाहारी आई. खिशाला परवडेल असं तापास (पेयासोबत छोट्या बशीत मिळणारं खाणं) कुठे आणि कसं खावं?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं. 2023 च्या जुलैत मी अगदी याच तयारीने गेले होते: हिशेबाचे पैसे आणि सोबत आई. आई मासे-मटण खात नाही. अंडं खाते, पण ते अंड्यासारखं दिसलं नाही तरच.

थोडक्यात सांगायचं तर ग्रॅनडा शहरात जा, रात्री नऊच्या आत जेवायला बाहेर पडू नका आणि खुर्ची दिसली म्हणून बसू नका.

हे शहाणपण आम्ही पैसे मोजून विकत घेतलंय. पहिली संध्याकाळ सेव्हिलमध्ये. साडेसहाला पोटात कावळे ओरडायला लागले, बाहेर चाळीसच्या वर तापमान. मोठ्या चर्चजवळच्या चौकात छत्रीखाली एक टेबल रिकामं दिसलं, मेन्यूवर पदार्थांचे फोटो होते, बसलो. त्या वेळी आजूबाजूला एकही स्पॅनिश माणूस नव्हता, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. सांग्रियाचा (फळं घातलेल्या वाइनचा) जग, कोमट पाएया (स्पॅनिश भात) आणि न मागता आलेला पाव. बिल 58 युरो! त्यात पावाचे वेगळे आणि बाहेर बसल्याचेही वेगळे. तेव्हा युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता. आईने मनात गुणाकार केला आणि रात्रभर बोलली नाही.

तिथे स्वयंपाकघरं दुपारी चारच्या सुमाराला बंद होतात ती थेट साडेआठनंतर उघडतात. मधल्या वेळात चालू असतात त्या बहुतेक पर्यटकांसाठीच्या जागा. जुलैत सूर्य मावळतो साडेनऊच्या पुढे, त्यामुळे दहाचं जेवण तिथे उशिराचं नाहीच. आपण सहाला चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकतो तसं हॉटेलवर फळं, बिस्किटं खा, दुपारी झोप काढा आणि ऊन उतरल्यावर निघा.

आता ग्रॅनडा. तिथे कुठल्याही साध्या बारमध्ये पेय मागवलं की सोबत एक छोटी बशी फुकट येते. तोच तापा. सेव्हिलमध्ये तापाचे पैसे पडतात, तेव्हा साधारण तीन ते साडेचार युरो. ग्रॅनडात मात्र ही जुनी रीत अजून टिकून आहे. कान्या म्हणजे बियरचा छोटा ग्लास, पाव लिटरहूनही कमी. तो आणि बशी मिळून आम्हाला अडीच ते तीन युरोला पडलं. आता थोडं वाढलं असेल असं धरून चला. बशीत काय येणार ते बारवाला ठरवतो, आणि त्याच जागी दुसरं पेय घेतलं की बशी बदलते, कित्येकदा आधीपेक्षा बरी असते. आम्ही दोघी तीन ठिकाणी एकेक पेय घ्यायचो आणि साधारण 17 युरोत पोट भरून परत यायचो. कुठेही वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबलो नाही. काउंटरला टेकून उभं राहायचं, संपलं की पुढे. एकाच जागी बसून सगळं मागवायची आपली सवय तिथे महागात पडते.

दारू घेत नसाल तरी बशी चुकत नाही. आई मोस्तो घ्यायची, म्हणजे द्राक्षांचा गार रस. मला आवडली तिंतो दे वेरानो: लाल वाइन, गोडसर सोडा, भरपूर बर्फ. उन्हाळ्यात तिथली माणसं सांग्रियापेक्षा हीच पितात आणि ती स्वस्तही असते.

शाकाहाराचं मात्र पेय मागवतानाच सांगायचं, बशी आल्यावर नाही. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, कारण डुकराच्या मांसाचे दोन तुकडे वर भुरभुरवले तर ती भाजीच राहते असं बऱ्याच जणांना वाटतं. आम्ही पाठ केलेलं वाक्य: ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून.’ मांस नको, हॅम नको, ट्यूना नको. ट्यूनाला आतून म्हणतात हे आईला एकदाच सांगावं लागलं. ‘वरून नाही ना, मग आतून तपास,’ हा तिचा विनोद पुढे आठवडाभर ऐकला.

ग्रॅनडात वांग्याचे काप चुकवू नका. बेरेनहेनास कोन मिएल. पातळ काप, कुरकुरीत तळलेले, वर ‘मिएल’. मिएल म्हणजे मध, पण इथे ओततात ती उसाची काकवी! मालागा जिल्ह्यातल्या फ्रिहिलियाना गावात ती अजून बनते. गरम तळलेलं वांगं आणि गार काकवी हे आपल्याला कधी सुचलं कसं नाही, हा प्रश्न आईने बारवाल्याला मराठीतच विचारला. त्याने आणखी एक बशी दिली.

उन्हाळ्यात गार सारंही मागा. गास्पाचो म्हणजे कच्च्या टोमॅटो-काकडीचं. साल्मोरेखो त्याहून दाट, पण त्यावर अंडं आणि हॅम घालतात, म्हणून हॅम नको ते आधी सांगा. आणि आहोब्लांको: बदाम, लसूण, पाव, वर द्राक्षं, पांढरंशुभ्र. उन्हात फिरून आल्यावर पहिल्या घोटाला डोकं शांत होतं. बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, आईला चाललं, त्यात अंडं कुठे दिसतच नाही. पाद्रोनच्या छोट्या मिरच्या तेलात परतून खडे मीठ टाकून देतात. वडापावबरोबरची मिरची आठवते, पण दहांतली एखादीच तिखट निघते.

सेव्हिल टाळा असं नाही म्हणत. एल रिंकोन्सिल्यो हा 1670 पासूनचा बार आहे, तिथे बिल खडूने लाकडी काउंटरवरच लिहितात. पालक-चणे मागवा. जिऱ्याचा वास आला आणि आईचा चेहरा खुलला. पण उकाड्याचा विचार केलात तर मुक्काम ग्रॅनडातच बरा. शहर सुमारे 700 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे दुपार तापली तरी रात्री हवा गार होते. कॅय्ये नावास या बारच्या गल्लीत गर्दी असते. आम्हाला रेआलेखो भागातला काम्पो देल प्रिन्सिपे हा चौक जास्त आवडला, अल्हाम्ब्रा या जुन्या किल्ला-राजवाड्याच्या टेकडीखालीच आहे.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. 2022 च्या कायद्याने बार-रेस्टॉरंटांना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं, ‘आग्वा देल ग्रीफो’ म्हणून मागा. टीपचं फारसं बंधन नाही, सुट्टे सोडले तरी चालतात.

आणि तारखा अजून हलवता येत असतील तर ऑगस्टकडे ढकलू नका. त्या महिन्यात बरेच चांगले, घरगुती बार कुलूप लावून समुद्रावर जातात. दारावर हाताने लिहिलेला ‘सुट्टीनिमित्त बंद’चा कागद, आणि उघडी राहतात ती फोटोवाल्या मेन्यूची दुकानं.