‘टॉलरन्स’: सह्यता, सहनशीलता की सहिष्णुता?

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांच्या संशोधनावर मराठीत लिहिताना ‘इम्यून टॉलरन्स’साठी, म्हणजे परक्या ऊतीविरुद्ध शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने प्रतिकार न करण्यासाठी, सह्यता, सहनशीलता आणि सहिष्णुता यांपैकी कोणता शब्द घ्यावा, असा प्रश्न आहे. तिन्हींचा धातू ‘सह्’ हाच असला तरी ते एकमेकांच्या जागी चालणार नाहीत.

‘सह्य’ म्हणजे जे सोसता येते ते. त्यामुळे सह्यता हा रोपण केलेल्या त्वचेचा गुण ठरतो. मेडावर आणि त्यांचे सहकारी बिलिंगहॅम व ब्रेंट यांनी 1953 साली दाखवले ते नेमके याच्या उलट होते. एका वाणाच्या उंदरांच्या गर्भांत दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या, तेव्हा जन्मलेल्या पिलांनी मोठेपणी त्या दुसऱ्या वाणाची त्वचा स्वीकारली. पण अशा उंदराला त्याच्याच वाणाच्या, पेशी न टोचलेल्या उंदराच्या लसीका ग्रंथींतील (प्रतिकार करणाऱ्या) पेशी दिल्यावर, तोवर सुखाने नांदणारे तेच रोपण नाकारले गेले. त्वचा होती तशीच होती. बदल यजमान (रोपण घेणाऱ्या) शरीरात होता.

आपले ‘मानवणे’ हे क्रियापद येथे मोहात पाडते (मला तरी ते फार आवडते), परंतु हवा मानवते, औषध मानवते, म्हणजे कर्तेपण पुन्हा बाहेरच्या वस्तूकडेच जाते.

सहनशीलता शरीराकडे बोट दाखवते खरी, पण तिच्यात सोसण्याची, त्रास गिळण्याची छटा आहे. येथे शरीर काही गिळून गप्प बसत नाही. त्या विशिष्ट ऊतीविरुद्ध प्रतिकारच उभा राहत नाही. ‘सहिष्णुता’ या छटेपासून पूर्ण मुक्त नाही, तरी ती सौम्य आहे आणि शब्द रूढही आहे, म्हणून माझा कौल तिला.

मात्र ‘सहिष्णु’मधील ‘इष्णु’ हा प्रत्यय पाणिनीने स्वभाव दाखवण्यासाठी सांगितला आहे, आणि मेडावर यांची सहिष्णुता स्वभावतः आलेली नसून गर्भावस्थेतील संपर्कातून मिळालेली आहे. ‘अर्जित’ हे विशेषण म्हणूनच गाळू नये. मेडावर आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ बर्नेट यांना 1960 चे नोबेल पारितोषिकही ‘अर्जित’ सहिष्णुतेच्या शोधासाठीच मिळाले. औषधाचा परिणाम हळूहळू कमी होत जातो त्यालाही इंग्रजीत टॉलरन्सच म्हणतात. तेथे मात्र ‘सवय’ हा साधा शब्द पुरतो.