छोटी तिथं काय करत होती?

पत्र थोडक्यात असं: "आम्ही राजारामपुरीत एकत्र राहतो. धाकटे दीर आणि जाऊ दोघंही मूकबधिर. लग्नाला 13 वर्षं झाली. त्यांची 11 वर्षांची मुलगी मात्र ऐकते-बोलते. परवा दीर फौंड्रीत सेकंड शिफ्टला होते, तेव्हा मी मुद्दाम जावेसाठी 'कोडा' सिनेमा लावला. ऑस्कर मिळालेला, मूकबधिर कुटुंबाचाच. छोटी शेजारी बसून आईला सगळं सांगत होती. डॉक्टरच्या प्रसंगाला आम्ही पोट धरून हसत होतो, तेवढ्यात जाऊ उठली, लेकीला ओढत आत गेली. चार दिवस तोंड फुगलेलं. सासूबाई म्हणतात तिनं माफी मागावी. मलाही तसंच वाटतं."

थोरल्या वहिनी, माफीचं नंतर बघू. 'छोटी शेजारी बसून आईला सगळं सांगत होती' हे तुम्ही असं लिहिलंय, जसं 'पंखा चालू होता' लिहावं.

त्या प्रसंगात काय आहे? बापाच्या जांघेत खाज उठलीय. डॉक्टर बोलतो ते आईबापाला ऐकू येत नाही, म्हणून शाळकरी लेक मध्ये बसून ते खुणांनी सांगते. औषधाचं सांगते आणि नवरा-बायकोनं काही दिवस लांब राहायचं, तेही. गंमत तिथंच आहे, दुखणंही तिथंच. तुमच्या हॉलमध्ये तेच सगळं 11 वर्षांच्या पोरीनं आजी-काकांच्या देखत आईला हातानं करून दाखवलं, आणि तुम्ही हसलात. जाऊबाईंना हसणं ऐकू आलं नसेल, पण दिसलं की! पडद्यावरच्या पोरीला हसताय की समोरच्या, हे त्यांनी कसं ओळखावं? त्या लेकीला घेऊन उठल्या. त्या संध्याकाळी तुमच्या घरात तेवढं एकच काम शहाणपणाचं झालं.

शिवाय सिनेमा त्यांना पोचलाच नसणार. 2021 च्या या चित्रपटातले हात अमेरिकन खुणा करतात. आपली भारतीय सांकेतिक भाषा वेगळी. साधी इंग्रजी मुळाक्षरंसुद्धा तिकडं एका हातानं, आपल्याकडं दोन हातांनी. ट्रॉय कोत्सर, मार्ली मॅटलिन हे नट खरोखरच कर्णबधिर आहेत, पण जाऊबाईंना त्यांचे हात परकेच. खुणांखाली पळणाऱ्या इंग्रजी ओळी खुणा न कळणाऱ्यांसाठी असतात, म्हणजे तुमच्यासाठी. ओठ वाचावेत, तर ते इंग्रजी. मराठी तरी कुठं धड वाचता येतात? आरशासमोर आवाज न काढता बाप, माप, पाप म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. राहिली छोटी. तिच्या हातांकडं बघावं तर पडदा सुटतो, आणि सिनेमा म्हणून तुम्ही दिवे घालवलेले असणारच.

13 वर्षं एका स्वयंपाकघरात काढलीत. 'जेवलीस का' आणि 'चहा' सोडून तुम्हाला किती खुणा येतात?

तर शिका. दुसरा सल्ला नाही. क्लास नंतर, गुरू घरातच आहे. रोज पाच शब्द, जाऊबाईंकडूनच. ए-बी-सी-डी नको, घरात लागणारे घ्या: दुखतंय, कुठं, कधी, पुरे, नको, उद्या. अडलं तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा कोश व्हिडिओत आहे. पण त्यातली खूण आणि जाऊबाईंची खूण वेगळी निघाली तर जाऊबाईंची खरी. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, 'नाव तुझं काय'. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात, म्हणून खिडकीकडं पाठ करून बसू नका. चेहरा काळोखा झाला की विचारताय की सांगताय तेच कळत नाही. हाक मारायची तर समोरून हात हलवा नाहीतर खांद्यावर हलकं थोपटा, मागून दंड ओढू नका. आणि भाकरी थापताना बोलणं काढू नका. पिठाचे हात म्हणजे तोंडात घास.

उद्यापासून दवाखाना, बँक आणि पालकसभा या तीन ठिकाणी छोटी दुभाषी म्हणून जाणार नाही. (पालकसभेत तर ती स्वतःच्याच तक्रारी आईला सांगते. त्यातल्या किती पोचतात, बाईंना एकदा विचारा.) तुमचे हात तयार होईपर्यंत वही-पेन घेऊन तुम्ही जा. डॉक्टरांना मराठीत, लहान वाक्यांत लिहायला लावा: सकाळी 1, रात्री 1, जेवल्यावर, 5 दिवस. जाऊबाईंनी मान डोलावली म्हणजे कळलं, असं धरू नका. समोरचा घाईत दिसला की माणूस उगाच मान हलवतो. काय कळलं ते त्यांना उलट लिहून दाखवू दे.

आता माफी. ती तुम्ही मागायची. त्याची खूण येत नसेल तर ती जाऊबाईंनाच विचारा, म्हणजे निम्मं काम तिथंच होईल. मग त्यांना हवा असेल तर रविवारी सिनेमा पुन्हा लावा. गोष्ट आधी एका पानावर मराठीत लिहून द्या, दिवा चालू ठेवा आणि रिमोट जाऊबाईंच्या हातात द्या. थांबवायचं कुठं, ते त्या ठरवतील. छोटीला तेवढा वेळ रंकाळ्यावर पाठवा.